पायाकडची दोरी

पोर्टगिल, मंगळवार, ८ फेब्रुवारी १९९४

गिब्बी,

रविवारी तू मेला नाहीस, याचं पेट्रीबाईंना आणि मला इतकं नवल वाटलं की कपात ओतायचा चहा बशीत गेला. सहा सिनेमे आणि तीन मालिका झाल्या, आजवर प्रत्येकात तुला कुणी ना कुणी मारलेलं आहे. त्या अमेरिकेतल्या सिनेमात तर मी अंगातला कोट काढेपर्यंत तू गेलेला होतास. मला वाटायचं, लोकांना हसवणाऱ्या माणसाला सिनेमात घेतात ते त्याचा सूड उगवायलाच.

पत्र नेहमीप्रमाणे पेट्रीबाई लिहितायत. (आत्ताच पेन थांबवून म्हणाल्या, "हे कशाला लिहायचं, एल्सी? त्याला माझं अक्षर कळतं." चाळीस वर्षं पोस्टात काढली की माणूस शब्द मोजायला लागतो.) फोन करत जा म्हणून तू दर वेळी सांगतोस. फोन घरातल्या बोळात, तुझ्या बापाच्या दाराशी भिंतीला टांगलेला आहे. तिथे उभं राहून तुझ्याशी बोलायचं म्हणजे चर्चमध्ये शिट्टी वाजवण्यासारखं.

तर रविवारचं. आजोबांना तुझी मालिका बघायची होती. पेट्रीबाईंच्या दोन भाच्यांनी त्यांना खुर्चीसकट उचलून दोन घरं पलीकडे, बाईंच्या टीव्हीपुढे नेलं. तू त्या मालिकेत बाप झाला होतास आणि तुझी पोर मेली होती. रडलास बरा. नाकातून रडलास, म्हणजे खरं वाटलं. पेट्रीबाईंनी रुमाल काढला. मीही काढला असता, पण पुढे स्मशानाचा प्रसंग आला आणि तू पेटी खड्ड्यात उतरवायची दोरी हातात घेतलीस, आणि घेतल्या घेतल्या मनगटाला गुंडाळलीस.

 तेव्हा आजोबा बोलले.

"गुंडाळली बघ त्याने. पेटी घसरली तर हाही खाली जाईल."

"अहो, नाटक आहे ते," मी म्हटलं.

"नाटक असू दे. पोर्टगिलचा पोरगा आहे ना?"

दुसऱ्या दिवशी पाव आणायला गेले तर दुकानात तेच. तू रडलास कसा, दिसलास कसा, याबद्दल एक शब्द नाही. फक्त मनगट. मासे आत ओढताना असो नाहीतर माणूस खाली सोडताना, दोरी हाताला गुंडाळायची नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. तुला लंडनने काय काय विसरायला लावलंय कोण जाणे.

आता मुद्दा. डॉक्टर म्हणतात आजोबांच्या फुप्फुसात पाणी आहे. साठ वर्षं हा माणूस पाण्यावर राहिला, आता पाणी त्याच्यात राहायला आलंय. वसंत ऋतू बघतील की नाही सांगता येत नाही. ते स्वतः अगदी मजेत आहेत. अंत्यविधीवाल्या मकफेलला बोलावून त्यांनी त्याचं ते कार्ड मागवून घेतलं, पेटीचं चित्र आणि भोवती दोऱ्यांचे आकडे असलेलं, आणि चार दिवस पोरांना खाऊ वाटावा तशा दोऱ्या वाटतायत. आठ दोऱ्या, आठ माणसं. एक नंबर डोक्याशी, दोन नंबर पायाशी, बाकीचे सहा दोन्ही बाजूंना. एकला तुझा बाप. दोनला तू.

मी विचारलं, "दोनला गिब्बी? एबेनच्या समोर?"

"समोरच. मधे मी असेन ना."

तुझ्या बापाला अजून माहीत नाही. तू फक्त एवढंच कळव, येशील की नाही. तुझ्या त्या सेक्रेटरीला विचारू नकोस, तिला पोर्टगिल नकाशावरही सापडायचं नाही.

तुझी आजी, एल्सी
(तिची फुली: ×)


पोर्टगिल, गुरुवार, २४ फेब्रुवारी

गिब्बी,

फळांची टोपली मिळाली. ती पोचवायला एल्गिनहून गाडी आली, तेव्हा सगळी गल्ली खिडकीत होती. त्यात एक अननस आहे. आजोबा त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हा कापायचा की याच्यावर पाळत ठेवायची?" द्राक्षं खाल्ली त्यांनी. दोन.

सोबतची चिठ्ठी पेट्रीबाईंनी तीनदा वाचून दाखवली. मार्चअखेरपर्यंत लंडनजवळच्या स्टुडिओत शूटिंग आहे, पहिल्यांदाच मुख्य भूमिका आहे, या सिनेमात तू शेवटपर्यंत जिवंत राहणार आहेस, तुझ्या एकट्यासाठी दीडशे माणसं थांबवता येत नाहीत, पण तू "नक्की प्रयत्न करशील".

प्रयत्न हा शब्द तू कुठून उचललास? इथे बोट धक्क्याला लागते किंवा लागत नाही.

मुख्य भूमिकेचा मला आनंद झाला. (खरंच झाला. पेट्रीबाई साक्षीला आहेत.) कारखान्याच्या क्लबात दारू प्यायलेल्यांसमोर उभा राहून तू सुरुवात केलीस, बूट फेकून मारायचे तुला, आणि तू ते पायाला येतात का बघायचास. ही गोष्ट तू मला सांगितलीस तेव्हा मी रात्रभर हसले होते. म्हणजे वर चढलास ते कळतं मला. पण आजोबांना मार्चअखेर कळत नाही. त्यांच्याकडे पाण्याच्या भरती-ओहोटीचं वेळापत्रक आहे.

इकडे तुझ्या बापाला ते कार्ड सापडलं.

मला अक्षरं येत नाहीत हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. शाळेच्या दारातून मी आत गेले ती एकदाच, गारा पडत होत्या म्हणून. पण आकडे येतात. बोटांना चिंध्या गुंडाळून हेरिंग मासे साफ करायचो, तेव्हा पिंपावर खडूने आकडा घालावा लागे. मकफेलचं कार्ड हा जगातला एकच कागद आहे जो मला वाचता येतो. तर मंगळवारी मी आजोबांच्या उशीखालून तो काढला आणि बघते तर दोनच्या आकड्यापुढे काट मारलेली.

"एबेन, हे तू केलंस?"

"हो." तुझा बाप खोटं बोलत नाही, हा त्याचा सगळ्यात मोठा दुर्गुण.

"ती दोरी तुझ्या बापाने वाटलीय."

"दोनला अलिस्टर उभा राहील. वीस वर्षं माझ्या बोटीचं इंजिन सांभाळतोय. त्याचा हात पक्का आहे."

"तो आपल्यातला नाही."

"आई, समोर गिब्बी उभा असेल तर मला दोरी सोडता यायची नाही." आणि बूट घालून बाहेर गेला. बाहेर काही नव्हतं, नुसता वारा होता.

गिब्बी, या विषयावर अकरा वर्षं मी तोंडाला कुलूप लावलं. आता काढते.

तुझा तो किस्सा. अकरा वर्षांपूर्वी ग्लासगोच्या मोठ्या रंगमंचावर सांगितलास, मग टीव्हीवरही. 'माझा बाप भर वादळात तीन टन हेरिंगचं जाळं धरून ठेवायचा. माझी आई पंचेचाळीस किलोची होती. शेवटच्या दिवशी तिला आठ दोऱ्यांनी बांधून त्याच्या हातात दिली, तर सुटली की हो हातातून.' लोक खुर्चीवरून पडले म्हणे.

तुझ्या बापाच्या त्या कर्मठ बंधुसभेच्या पंथात टीव्ही म्हणजे पाप, म्हणून त्याने तो पाहिला नाही. त्याने तो ऐकला पीटरहेडच्या मासळी लिलावात. एका व्यापाऱ्याने सांगितला. त्या माणसाला ठाऊकच नव्हतं की ज्या बापाचा किस्सा आहे तोच समोर माशांच्या खोक्यांत उभा आहे. चांगला सांगितला म्हणे, तुझा आवाज काढून. एबेनने माल विकला, घरी आला, जेवला. रात्रीच्या प्रार्थनेत तुझं नाव असायचं, ते त्या दिवसापासून गेलं. म्हणजे मोठ्याने म्हणायच्या प्रार्थनेतून. मनातलीत काय आहे ते मला कसं दिसणार.

तुझ्या आईच्या, इसोबेलच्या दफनाला गावातली चाळीस माणसं होती. पेटी डोक्याकडून धाडकन खाली गेलेली सगळ्यांनी पाहिली. त्यानंतर अकरा वर्षं एकानेही उच्चार केला नाही. आणि तू तिकीट लावून सांगितलंस.

रागावून लिहीत नाहीये. थोडं रागावून लिहितेय.

एल्सी ×

(अननस अजून आहे.)


पोर्टगिल, सोमवार, १४ मार्च

गिब्बी,

हे पत्र वाचताना बसून घे. मेकअपवाली बाजूला असेल तर तिला बाहेर पाठव.

काल सकाळी आजोबांचं डोकं एकदम स्वच्छ होतं. आठवडाभर ते मला बोटीवरचा स्वयंपाकी समजत होते आणि सूप खारट झालं म्हणून ओरडत होते. काल मला नावाने हाक मारली.

"एल्सी, इसोबेलच्या वेळी एबेनचा हात सुटला नव्हता."

मला वाटलं, पुन्हा भरकटले. मी उशी सारखी करायला लागले.

"उशी राहू दे. ऐक. मी तिसरी दोरी धरून होतो, एबेनच्या शेजारी. त्याची दोरी नीट जात होती, हातभर हातभर करून. पायाकडची जात नव्हती."

पायाकडे तू होतास. सोळा वर्षांचा. पहिल्यांदा दोरी मिळाली होती तुला. बापाचा काळा कोट तुझ्या अंगात लोंबत होता, मीच बाह्या टाचल्या होत्या.

"पोरगा सोडेचना," ते म्हणाले. "दोरी मनगटाला गुंडाळून उभा. ओठ दातांत धरून. एबेन आपल्या सवयीने सोडत गेला, मग पेटी डोक्याकडे कलंडणारच. लोकांना डोक्याकडचा आवाज ऐकू आला. त्यांनी डोक्याकडच्या माणसाकडे बघितलं."

"मग एबेन म्हणाला कशाला, माझा हात सुटला म्हणून? खोटं बोलत नाही ना तो?"

आजोबा हसले. हसताना खोकला आला आणि मला त्यांना उठवून बसवावं लागलं. मग म्हणाले, "तो बोलला कुठे? लोक म्हणाले, हात सुटला वाटतं. त्याने नाही म्हटलं नाही. एवढंच त्याला जमतं."

आम्ही बायका त्या दिवशी घरात सँडविच कापत होतो. आम्हाला स्मशानाचं जे कळतं ते पुरुषांच्या बुटांच्या चिखलाबरोबर घरात येतं. बावीस वर्षं मी माझ्या लेकाला हात सुटलेला माणूस समजत आले. हेरिंगचं पिंप आपटावं तशी माझी सून त्याने आपटली असं धरून चालले. कधी बोलले नाही, पण त्याच्या ताटात वाढताना माझा हात काय बोलत असेल, देवाला माहीत.

मला आता एकच गोष्ट झोपू देत नाही. तुला माहीत होतं का?

कारण मला वाटतं, होतं. जिथे दाढ दुखते तिथेच जीभ जाते. तू दुनियाभरचे किस्से सांगितलेस, माझे तर किती उचललेस, एकाचाही हिशोब मी मागितला नाही. पण हा एकच तू दर वर्षी सांगत राहिलास. दुसऱ्याची चूक माणूस इतक्या वेळा सांगत नाही. आणि परवा मालिकेत दोरी मनगटाला गुंडाळलीस ती दिग्दर्शकाने सांगितली म्हणून, असं मला सांगू नकोस.

सोळा वर्षांच्या पोराला आई सोडवली नाही, यात चूक कसली? मला कुणी सांगितलं असतं तर तेव्हाच दोरीने सोललेल्या तुझ्या मनगटाला लोणी लावलं असतं. पण पुढचं सगळं तू मोठा होऊन केलंस.

पेट्रीबाई नाक पुसतायत. सर्दी झालीय म्हणे.

मी एबेनला यातलं काही बोललेले नाही. तू काय ते ठरव. पण लवकर ठरव. काल संध्याकाळपासून आजोबांनी पुन्हा सूप खारट आहे म्हणायला सुरुवात केलीय.

एल्सी ×


पोर्टगिल, शुक्रवार, १८ मार्च

गिब्बी,

काल दुपारी गेले. फोनवर पेट्रीबाईंनी तुझ्या सेक्रेटरीला सांगितलंच आहे. तिने "कळवते" म्हटलं.

शांतपणे गेले. भरती उतरताना गेले, आपल्याकडे सगळे तसेच जातात. मी बाजूला बसून बटाटे सोलत होते, कारण नुसतं बसलेलं त्यांना आवडायचं नाही.

मंगळवारी दुपारी दोन वाजता, टेकडीवरच्या स्मशानात. आज पहिल्या टपालाने हे पाकीट टाकलं तर उद्या तुझ्या हातात असेल. आत मकफेलचं कार्ड आहे, नवं, काट न मारलेलं. पेटीच्या पायाशी दोनचा आकडा आहे, त्याच्यावर मी बोट ठेवलं आणि पेट्रीबाईंनी तुझं नाव घातलं.

मकफेलला मी बोलावून घेतलं होतं. त्याच्यासमोर एबेनने अलिस्टरचं नाव पुढे केलं. मी म्हटलं, "मकफेल, तुझं गिऱ्हाईक कोण? हा की पेटीतला?"

तो म्हणाला, "पेटीतले, मिसेस मेअर."

"मग त्यांनी सांगितलेली नावं पुकार. दोनला गिल्बर्ट मेअर."

एबेन म्हणाला, "आणि तो आला नाही तर?"

"तर जागा रिकामी राहील."

"सगळ्या गावासमोर?"

"सगळ्या गावासमोर."

मकफेल बिचारा टोपीचा काठ कुरतडत होता. सात दोऱ्यांवरही पेटी उतरते, तसं काही अडत नाही, पण पायाकडे माणूस नसला की ती कशी जाते ते आपल्या घराने एकदा बघितलंय.

तेव्हा आता तुझं तू बघ. तुझं उत्तर आलं नाही म्हणून मी काही समजत नाही, ना हो ना नाही. रात्री चार वेळा उठून दार बघितलं. दाराला काय झालंय, दार दारासारखं आहे.

एल्सी ×


पोर्टगिल, शनिवार, २ एप्रिल

गिब्बी,

अक्षर वेगळं दिसलं ना? घाबरू नकोस. हे पत्र तुझा बाप लिहितोय.

पेट्रीबाई बहिणीकडे गेल्यात असं मी त्याला सांगितलं. त्या कुठेही गेलेल्या नाहीत. आपल्या खिडकीत बसून चहा पीत असतील. मीच त्यांना येऊ नका म्हटलं. हे ऐकून एबेनने पेन खाली ठेवलं आहे.

आता पुन्हा उचललं. मी म्हटलं, आईने आयुष्यात काही लिहून मागितलं नाही तुझ्याकडे. आणि तो नाही म्हणाला नाही. आजोबांनी बरोबर ओळखलं होतं याला. शिवाय तो खोटं बोलत नाही, तसं खोटं लिहीतही नाही. मी जे सांगेन ते शब्दाला शब्द उतरवतो. एबेन, लिही: माझा मोठा लेक खेचराच्या वरताण हट्टी आहे. लिहिलंस? लिहिलं म्हणतो. पेट्रीबाईंनी हे गाळलं असतं.

गिब्बी, तू आलास. एबर्डीनहून टॅक्सीने थेट टेकडीवर गेलास, चहाला आलास, माझ्या गालाला गाल लावलास आणि सहाच्या आत निघालास, कारण बुधवारी पहाटे दीडशे माणसं उभी होती. मला तक्रार करायची नाही. पण तू आणि तुझा बाप त्या खोलीत असे बसला होतात, एक जेवणाच्या ताटाशी आणि एक खिडकीशी, की मला वाटलं दोघांना पुन्हा एकेक दोरी द्यावी. तेव्हा मला विचारता आलं नाही. म्हणून आज विचारते.

पण आधी माझं पाप कबूल करते. बायका टेकडीवर जात नाहीत. मीही गेले नाही. मी कपडे वाळत घालायच्या, चढावरच्या हिरवळीवर गेले, आजोबांची दुर्बीण घेऊन. पेट्रीबाई माझ्यापुढे चादर धरून उभ्या होत्या, कुणाला संशय येऊ नये म्हणून. कोरडी चादर. (एबेन माझ्याकडे बघतोय. बघू दे. लिही.)

मकफेलने एक पुकारला, एबेन पुढे झाला. दोन पुकारला. कुणी हललं नाही. मी दुर्बिणीतून एबेनची मान बघत होते, ती खाली होती. मकफेलने पुन्हा पुकारला. तेवढ्यात फाटकातून एक दाढीवाला धावत आला. मला वाटलं, कुणी तरी परका चुकून घुसला. पेट्रीबाई म्हणाल्या, "एल्सी, ही सिनेमातली दाढी आहे." तेव्हा मी तुला चालीवरून ओळखलं. डावा पाय अजून तसाच टाकतोस.

मग तुम्ही आठ जण दोऱ्या घेऊन उभे राहिलात. तू गुंडाळली नाहीस. मी बघितलं. पेटी उचलली, खड्ड्यावरच्या फळ्या काढल्या, आणि उतरायला लागली. आणि निम्म्यात थांबली.

गिब्बी, मी समुद्रावर गेलेल्या बोटींची वाट बघितलीय, तीन तीन दिवस. पण एवढं लांब मिनिट मी बघितलं नाही. तू दोरी धरून होतास आणि ती जात नव्हती. पायाकडची. पुन्हा पायाकडचीच. बाकी सहा जण तुझ्याकडे बघत होते. मी वाट बघत होते की आता डोक्याकडून जाणार. आता आवाज येणार. मी दुर्बीण इकडून तिकडे फिरवत राहिले, कधी तू, कधी एबेन, कधी नुसतं आभाळ.

पण पेटी सरळच राहिली. एबेनही थांबला होता. त्याचं तोंड हललं. त्याने तुला काहीतरी सांगितलं, लांब नाही, एवढंसं. आणि मग तुझे हात हलले, त्याचे हलले, आणि म्हातारा दोघांच्या मधून समपातळीत खाली गेला, बंदरात शिरणाऱ्या बोटीसारखा.

एबेन काय म्हणाला?

दहा दिवस मी या एका प्रश्नाने पिसाळले आहे. अलिस्टर चौथी दोरी धरून होता, तो म्हणतो वारा होता, ऐकू आलं नाही. पेट्रीबाईंचा भाचा म्हणतो, बायबलातलं वचन म्हणाला. मकफेल म्हणतो, आमच्या धंद्यात आम्ही ऐकत नसतो. तुझ्याकडून तर पत्रच नाही. तेव्हा आता जो बोलला त्यालाच विचारते, आणि तोच लिहील.

एबेन, तू काय म्हणालास त्याला?

तो म्हणतो, "आई, हे पत्र तुझं आहे की चौकशी?"

दोन्ही. लिही.

तो म्हणतो, "मी म्हणालो, घाई नाही. तू सोडशील तेव्हाच मी सोडीन."

एवढंच?

"एवढंच."

 पेन कागदावर टेकलेलंच आहे, शाईचा ठिपका पडलाय, तो तुला दिसेल. मी काही सांगितलेलं नाही. आता तो स्वतःहून बोलतोय, आणि मी म्हटलं, बोलतोस तर लिहीतही जा.

तो म्हणतो, इसोबेलच्या वेळी मकफेलचा बाप आकडे मोजत होता आणि मी आकड्यांवर सोडत गेलो. समोर बघितलंच नाही. बघितलं असतं तर पोरगं अजून तयार नाही हे दिसलं असतं. बोटीवर पलीकडचा माणूस तयार आहे की नाही ते बघितल्याशिवाय कुणी दोरी सोडत नाही. लोक म्हणाले हात सुटला. ते चूक होतं असं मला कधी वाटलं नाही. सुटलाच होता.

गिब्बी, त्याने हे सगळं खाली मान घालून लिहिलं. मी साठ वर्षांत त्याच्या तोंडून इतकी वाक्यं एका दमात ऐकली नाहीत. आणि मला, जिच्या जिभेला हाड नाही असं सगळं गाव म्हणतं, तिला आता काय बोलावं ते सुचत नाही. हे पण लिही, एबेन. लिहिलं म्हणतो.

किस्सा त्याला अजून लागतो का, ते मी विचारलं. "लागतो," म्हणाला. आणि मग, "त्या व्यापाऱ्याने सांगितला तेव्हा हसू आलं होतं मला. त्याचा स्वतःवरच जास्त राग आला."

तेव्हा तुझं आणि त्याचं काय ते तुम्ही बघा. मी काही कुणाची समजूत घालणार नाही. माझ्याने आता हिरवळीवर चढवत नाही, आणि पेट्रीबाईंचे हात चादर धरून अजून दुखतात.

आता फुली मारते म्हटलं तर हा कागद देईना. अजून ओळ उरलीय म्हणतो. विचारतोय, "शनिवारी संध्याकाळी मी घरी असतो, एवढं लिहू का?"

मी म्हटलं, पेन तुझ्या हातात आहे, मला काय विचारतोस?

शनिवारी संध्याकाळी मी घरी असतो.

एल्सी ×